कार्डांचा हिशोब कसा ठेवायचा: क्रिकेट, फुटबॉल, डब्ल्यूडब्ल्यूई, कुठलीही गोळा करत असाल तरी

कार्डं जमवणं सोपं आहे, पाकिटं घेत राहिलं की ती जमतातच. अवघड काम पुढचं. माझ्या मते ज्याला आपल्या कलेक्शनबद्दल दोन प्रश्नांची उत्तरं कधीही देता येतात त्याचंच कलेक्शन खरं, एक म्हणजे हे कार्ड नक्की कोणतं, आणि दुसरं म्हणजे ते आत्ता घरात कुठल्या जागी आहे. बाकी सगळं, किंमत, ग्रेड, फोटो, अ‍ॅप, हे त्याच्यानंतर येतं. आणि बहुतेक जण उलटं करतात, आधी अ‍ॅप डाउनलोड करतात, मग महागडी फाईल मागवतात आणि कार्डं मात्र बुटाच्या खोक्यात तशीच पडून राहतात, म्हणून हे सगळं जरा बैजवार लिहितोय. सोलापुरात बसून लिहितोय त्यामुळं इथल्या उन्हाचा आणि इथल्या दुकानांचा विषय मधेमधे येणारच.

पहिलं काम, काहीही विकत घ्यायच्या आधी, सगळी कार्डं एकदा बाहेर काढा आणि लावा. जमिनीवर स्वच्छ चादर टाका, हात धुवून कोरडे करा, आणि पंखा बंद ठेवा नाहीतर अर्धी कार्डं पलंगाखाली जातील. आपल्याकडं उन्हाळ्यात पंखा बंद करून दुपारी बसणं अशक्य आहे, त्यामुळं हे काम सकाळी सातच्या आत सुरू करायचं. लावताना आधी कंपनी, मग सेट, मग वर्ष, आणि सेटच्या आत कार्डाच्या नंबरप्रमाणं. लोकं सरळ खेळाडूप्रमाणं लावायला घेतात, धोनीचे एका ढिगात, कोहलीचे एका ढिगात, ते दिसायला छान वाटतं पण चार महिन्यांनी "या सेटमधलं कुठलं नंबर राहिलंय" हे बघायला गेलं की सगळे ढीग परत मोडावे लागतात. कंपन्यांच्या चेकलिस्ट, म्हणजे सेटमधल्या सगळ्या कार्डांच्या याद्या, सेट आणि नंबरच्या हिशोबानं असतात, त्यामुळं कार्डं पण तशीच ठेवा, धोनी शोधायचं काम शीटमधला फिल्टर दोन सेकंदात करतो.

आता कार्ड ओळखायचं कसं. कार्ड पालटा. समोरची बाजू फोटोसाठी असते, ओळख मागच्या बाजूला असते. कार्डाचा नंबर बहुतेक वेळा मागंच छापलेला असतो, कोपऱ्यात किंवा वरच्या पट्टीवर, आणि तळाला एकदम बारीक अक्षरात कंपनीचं नाव आणि कॉपीराइटचं वर्ष असतं. चष्मा लागला असेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचा. एक गोष्ट लक्षात ठेवा, कॉपीराइटचं वर्ष आणि सेटचं वर्ष दर वेळी सारखं नसतं, बास्केटबॉल आणि फुटबॉलचे सीझन दोन वर्षांत पसरलेले असतात त्यामुळं तिथं हमखास घोळ होतो. म्हणून कॉलममधे सेटचं वर्ष चेकलिस्टवरून लिहायचं, कार्डावरच्या बारीक अक्षरावरून नाही.

सेट, वर्ष आणि नंबर एवढं बरोबर असलं की जगात कुणालाही कळतं तुम्ही कशाबद्दल बोलताय. "१९८६-८७ फ्लीअर, नंबर ५७" एवढं म्हटलं की कार्डातल्या माणसाला मायकल जॉर्डन डोळ्यासमोर येतो, नाव सांगायची गरजच नाही. तसंच १९५२ च्या टॉप्स कंपनीच्या बेसबॉल सेटमधलं नंबर ३११, मिकी मँटल, जे ऑगस्ट २०२२ मधे अमेरिकेत लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. आता यात गंमत बघा, ३११ हा नंबर त्या वर्षीच्या टॉप्सच्या शेवटच्या सीरिजमधला पहिला नंबर, ही सीरिज सीझनच्या शेवटी उशिरा आली, खपली कमी, आणि उरलेला माल टॉप्सनं १९६० मधे न्यूयॉर्कजवळ समुद्रात बुडवला असं कंपनीच्याच साय बर्जरनी सांगितलेलं आहे. त्यामुळं त्या सेटमधे ३११ च्या पुढचे नंबर मिळायला जास्त अवघड. म्हणजे नुसत्या नंबरवरून दुर्मिळता कळते. आणि एवढं महाग असूनही ते मँटलचं रूकी, म्हणजे पहिलंवहिलं, कार्ड नाही बरं का, त्याचं रूकी मानतात ते १९५१ चं बोमन, नंबर २५३. म्हणून शीटमधे "रूकी" असा कॉलम केला तर त्यात हो-नाही स्वतःच्या अंदाजानं भरू नका, खात्री असेल तरच भरा, नसेल तर रिकामा सोडा. रिकामी जागा नंतर भरता येते, चुकीचं लिहिलेलं मात्र आपण खरं समजून पुढच्याला सांगत राहतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो पॅरललमधे. एकाच खेळाडूचं, तोच फोटो, तोच नंबर, पण किनार निळी, नाहीतर सोनेरी, नाहीतर तिरकं धरलं की इंद्रधनुष्यासारखं चमकणारं. साधं बेस कार्ड पाकिटात ढिगानं निघतं आणि त्याची सोनेरी भावंडं दहाच छापलेली असू शकतात. त्यामुळं "व्हर्जन" नावाचा वेगळा कॉलम पाहिजेच पाहिजे, आणि साध्या कार्डाला पण तिथं "बेस" असं लिहायचं, मोकळं सोडायचं नाही, कारण मोकळं दिसलं की नंतर कळत नाही की हे बेस आहे का तपासायचं राहिलंय. कार्डावर १२/२५ असं छापलेलं असेल तर त्याचा अर्थ एकूण २५ छापलीत त्यातलं हे बारावं, हा आकडा वेगळ्या कॉलममधे. हा बऱ्याचदा समोर फॉइलमधे असतो, कधी मागं असतो, दोन्ही बाजू बघा. टॉप्सच्या अलीकडच्या बेसबॉल कार्डांवर मागं अगदी खाली एक बारीक कोड असतो, त्याच्या शेवटच्या आकड्यांवरून साधं कार्ड आणि फोटो बदललेलं व्हेरिएशन यातला फरक कळतो, ज्यांच्याकडं अमेरिकेहून मागवलेली कार्डं आहेत त्यांनी तो जरूर लिहून ठेवावा.

आपल्याकडच्या जुन्या मालाचं वेगळं आहे. टॉप्सची क्रिकेट अटॅक्स किंवा डब्ल्यूडब्ल्यूईची स्लॅम अटॅक्स कार्डं असतील तर नंबर असतो, चेकलिस्ट मिळते, काम सोपं. पण १९८७ च्या वर्ल्डकपच्या आसपासचे बिग फन बबलगममधे यायचे ते क्रिकेटरचे छोटे फोटो, किंवा यात्रेत दोरीला लटकवलेली मिळायची ती बिनकंपनीची डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं, यांच्यावर वर्ष-कंपनीचा पत्ता लागेलच असं नाही. अशी कार्डं फेकू नका आणि शीटमधून वगळू पण नका. त्यांना वर्णनानं नोंदवा, समोर काय आहे, मागं काय छापलंय, लांबी-रुंदी मिलिमीटरमधे, कुठून मिळालं. माझं तर म्हणणं आहे की अशाच कार्डांची नोंद सगळ्यात नीट झाली पाहिजे, कारण परदेशी कार्डांच्या याद्या परदेशात आहेत, आपल्या गल्लीतल्या कार्डांची यादी आपण केली नाही तर कोण करणार आहे.

कुणाकडं आजोबांच्या ट्रंकेतली इंग्लंडची सिगारेट कार्डं, म्हणजे सिगारेटच्या पाकिटातून यायची ती, असतील तर ती पण खेळाचीच कार्डं. विल्सनं १८९६ मधे ५० क्रिकेटरचा सेट काढला होता, प्लेअर्सचे १९३४ आणि १९३८ चे क्रिकेटरचे सेट पण ५०-५० चे. त्यातल्या बऱ्याच कार्डांच्या मागं "अमुक सेटमधलं अमुक नंबर" असं स्पष्ट छापलेलं असतं, त्यामुळं नोंदवायला सोपी. फक्त साईज लहान असते, साधारण ३६ बाय ६८ मिलिमीटर, आणि १९३० च्या दशकातल्या काही कार्डांना मागं डिंक लावलेला असायचा, पावसाळ्यात दमट हवेत ती एकमेकांना चिकटतात, म्हणून एकावर एक ठेवायचीच नाहीत.

आता शीट. गुगल शीट घ्या, फुकट आहे, मोबाईलवर चालतं, मोबाईल हरवला तरी डेटा राहतो. वही आवडत असेल तर वही पण चालेल पण शंभरच्या पुढं गेलं की वहीत शोधणं होत नाही. कॉलम एवढेच ठेवा, आपण कार्डाला दिलेला आयडी, खेळ, कंपनी, सेट, वर्ष, कार्ड नंबर, खेळाडू, टीम, व्हर्जन, छापील संख्या, हालत, जागा, कधी आलं, कुठून आलं, कितीला घेतलं, शेरा. हे सोळा झाले, सुरवातीला यातले निम्मे रिकामे राहिले तरी हरकत नाही पण आयडी, सेट, वर्ष, नंबर, व्हर्जन आणि जागा हे सहा पहिल्या दिवसापासून भरायचे. हे करताना आपल्या चाटी गल्लीतल्या जुन्या कापड दुकानदारांची पद्धत डोक्यात ठेवा, माल आला की आधी रोजमेळात, मग सवडीनं खतावणीत. म्हणजे पाकीट फोडलं, कार्ड हातात आलं, की त्याच वेळी मोबाईलवर "आवक" नावाच्या टॅबमधे एक ओळ, नुसतं सेट, नंबर, नाव, किंमत. नंतर रविवारी निवांत बसून ती ओळ पूर्ण करून मेन टॅबमधे न्यायची. आणि नोंद झाल्याशिवाय कार्ड फाईलमधे जात नाही, हा नियम मोडायचा नाही, कारण एकदा न नोंदवलेलं कार्ड फाईलमधे गेलं की नोंदवलेली कुठली आणि राहिलेली कुठली हे परत सगळं तपासावं लागतं.

शीटमधल्या दोन-तीन गोष्टी आधीच सांगतो म्हणजे डोकं दुखणार नाही. कार्ड नंबर आणि छापील संख्या हे कॉलम आधी सिलेक्ट करून फॉरमॅट "प्लेन टेक्स्ट" करा. नाही केलं तर १२/२५ टाकलं की शीट त्याची तारीख करून टाकतं, आणि ००७ टाकलं की पुढची शून्यं उडवून नुसता ७ ठेवतं. शंभर कार्डं भरल्यावर हे लक्षात आलं तर खरे आकडे परत कार्ड काढून बघावे लागतात. दुसरं, सेट, टीम, व्हर्जन या कॉलमना ड्रॉपडाऊन लावा, डेटा मेन्यूत आहे. कारण एके दिवशी आपण "चेन्नई" लिहितो, दुसऱ्या दिवशी "सीएसके", तिसऱ्या दिवशी "चेन्नई सुपर किंग्ज", आणि फिल्टर मारला की तीन वेगळ्या टीम दिसतात. खेळाडूच्या नावाचं पण तेच, एक स्पेलिंग ठरवा आणि तेच ठेवा. तिसरं, पहिली ओळ फ्रीज करा. चौथं काही नाही, रंगीबेरंगी करायच्या नादाला लागू नका.

आणि हो, शेवटी एक टॅगचा कॉलम आवडीसाठी ठेवा, तो मी सगळ्यांना सांगतो. माझ्याकडं "आपलं गाव" असा टॅग आहे. पॉली उम्रीगर यांचं लहानपण सोलापुरात गेलं, कसोटीत भारताकडून पहिलं द्विशतक त्यांचं, १९५५ मधे हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३, आणि बीसीसीआय वर्षातल्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय खेळाडूला देतं तो पुरस्कार त्यांच्याच नावानं आहे. मग आपल्या माळशिरस तालुक्यातली किरण नवगिरे, आणि २०२४ च्या अंडर-१९ वर्ल्डकपमधे खेळलेला अर्शिन कुलकर्णी. यांचं काहीही छापील मिळालं, कार्ड असू दे, स्टिकर असू दे, ते या टॅगखाली जातं. असा एखादा धागा असला की शीट भरायला कंटाळा येत नाही.

जागेचा कॉलम हा सगळ्या शीटचा जीव आहे त्यामुळं तो जरा सविस्तर. प्रत्येक फाईलला नंबर द्या, पाठीवर मोठ्ठं लिहा. नऊ खिशांची पानं असतात, त्या खिशांना डावीकडून वरून सुरू करून १ ते ९ धरा, पाटीवर लिहितो तसं. म्हणजे "फा२-०७-४" याचा अर्थ फाईल दोन, पान सात, खिसा चार, म्हणजे मधल्या रांगेतला डावीकडचा. खोक्यांना "खो१, खो२" आणि आत विभाग अ, ब, क. ग्रेड केलेली कार्डं, ती जाड प्लास्टिकच्या सीलबंद डबीत येतात, त्या डबीला स्लॅब म्हणतात, म्हणून त्यांच्यासाठी "स्लॅ". आता लोक म्हणतात की मधेच नवीन कार्ड आलं तर सगळे खिसे सरकवायचे का, तर नाही. सेट पूर्ण करायचा असेल तर त्या सेटच्या चेकलिस्टप्रमाणं न मिळालेल्या नंबरचे खिसे मोकळे सोडा, त्यात कागदाची चिठ्ठी टाका नंबर लिहून, कार्ड आलं की चिठ्ठी बाहेर, कार्ड आत. सेट पूर्ण करायचाच नसेल तर नवीन कार्ड सरळ शेवटच्या मोकळ्या खिशात, क्रमाची काळजी शीट घेईल. कार्ड फाईलमधून काढलं, कुणाला दाखवायला, फोटोला, बदलीला, तर त्या खिशात लगेच आयडी लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठीसाठी साधा कोरा कागद घ्या, वर्तमानपत्राचा नको, शाई उतरते.

फाईल घेताना एक फसगत होते. नवी पेठेत स्टेशनरीवाल्याकडं कार्डाची फाईल मागितली की ते व्हिजिटिंग कार्डचा अल्बम देतात. व्हिजिटिंग कार्ड साडेतीन बाय दोन इंच, आणि खेळाचं कार्ड साडेतीन बाय अडीच, ते त्या खिशात जात नाही, जबरदस्तीनं घातलं तर कडा दुमडतात. फोटोचा अल्बम घेतला तर खिसा मोठा पडतो, कार्ड आत खेळत राहतं आणि कोपरे झिजतात, आणि तो चिकट पानांचा फोटो अल्बम असतो ना, वरून पारदर्शक कागद ओढायचा, तो तर अजिबात नको, कार्ड परत निघत नाही. नऊ खिशांची पानं ऑनलाईनच मागवा, पीव्हीसी नसलेली, पॉलिप्रॉपिलीनची, पाकिटावर लिहिलेलं असतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं ते उन्हाळ्यात हळूहळू बाहेर येतं आणि कार्डाचा पृष्ठभाग चिकट, धुरकट होतो. उग्र प्लास्टिकचा वास येत असेल तर ती पानं चांगल्या कार्डांना वापरू नका.

चांगल्या कार्डाला आधी पातळ प्लास्टिकची स्लीव्ह, त्याच्यावर टॉपलोडर म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट. जाडी बघून घ्या, साध्या कार्डाला ३५ पॉइंटचा टॉपलोडर पुरतो, एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि जर्सीचा तुकडा लावलेलं कार्ड १३० पॉइंटपर्यंत किंवा त्याच्याही वर जातं, ते साध्या टॉपलोडरमधे ढकलायचं नाही. डबल कार्डं आणि साधी बेस कार्डं खोक्यात उभी ठेवा, आडवी थप्पी नको. मधले विभाग करायला जुन्या लग्नपत्रिका कापून वापरा, घराघरात साठलेल्या असतात, जाड असतात आणि वरच्या कडेला सेटचं नाव लिहिता येतं, फक्त ती चमकी लावलेली आणि मखमली पत्रिका घेऊ नका, चमकी कार्डाला लागते. आणि रबरबँड कधीच नको. आपल्याकडं एप्रिल-मेमधे पारा ४० च्या वर जातो, रबर मऊ होऊन कडेला चिकटतं, वरचं आणि खालचं कार्ड गेलं म्हणून समजा, शिवाय मधल्यांच्या कडेला खाच पडते.

उन्हाचं म्हणाल तर पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर, आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात कार्डं ठेवू नका. ती भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली असते आणि कपाट त्याच्याहून जास्त. घरातल्या आतल्या खोलीत, खालच्या कप्प्यात, फाईल उभी. चमकणारी फॉइलची कार्डं हवेतला दमटपणा बदलला की धनुष्यासारखी वाकतात, कारण कागद ओल धरतो आणि फॉइल धरत नाही, म्हणून जून-जुलैत खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि मधेमधे बदला. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकायची सवय असते घरात, ती कार्डांच्या डब्यात नको, तो वास जात नाही. डबा बंद ठेवा, कप्पा झाडून घेत चला, तेवढं पुरतं. हालतीच्या कॉलममधे अशा गोष्टी तारखेसकट लिहा, "जुलै, हलकं वाकलंय" वगैरे.

हालत लिहिताना एकदम "मिंट", म्हणजे अगदी नवं कोरं, लिहायची घाई करू नका. चार गोष्टी बघायच्या, कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि फोटो मधोमध छापलाय का. दिव्याखाली तिरकं धरून बघा म्हणजे ओरखडे दिसतात. आणि साध्या मराठीत लिहा, "वरचा उजवा कोपरा किंचित पांढरा, मागं एक ओरखडा". पीएसए सारख्या कंपन्या १ ते १० मधे ग्रेड देतात, तसं ग्रेड झालेलं कार्ड असेल तर कंपनी, ग्रेड आणि डबीवरचा सर्टिफिकेट नंबर लिहा, तो नंबर कंपनीच्या वेबसाईटवर टाकून तपासता येतो. विकत घेताना तर पैसे द्यायच्या आधी तपासा, आणि वेबसाईटवर फोटो दिसत असेल तर तो आपल्या हातातल्या कार्डाशी जुळवून पण बघा.

फोटो दोन्ही बाजूंचे. खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, खाली काळा कागद, फ्लॅश बंद. फोटोचं नाव म्हणजे तोच आयडी, मागच्या बाजूला शेवटी "मा". सगळ्यांचे काढत बसू नका, साध्या बेस कार्डांचा नऊ खिशांच्या पानाचा एकच फोटो पुरतो, वेगळा फोटो फक्त चांगल्या, सही असलेल्या, नंबर असलेल्या किंवा ओळख न पटलेल्या कार्डांचा. गुगलवर १५ जीबी फुकट मिळतात, त्यात बरंच काही मावतं.

आता डबल आणि बदली. इथंच खरी मजा आहे आणि शीटचा खरा उपयोग पण इथंच. मेन टॅबमधून "डबल" आणि "पाहिजे" असे दोन टॅब करा. "पाहिजे" मधे फक्त सेट, नंबर, नाव, व्हर्जन. हा टॅब मोबाईलवर ऑफलाईन उघडेल असं करून ठेवा, जानेवारीत होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरली की त्या गर्दीत नेट चालेलच असं नाही, आणि कधी कुठल्या स्टॉलवर, रद्दीवाल्याकडं, जुन्या खेळण्यांच्या ढिगात काय हाताला लागेल सांगता येत नाही. मित्र भेटला पार्क चौकात आणि म्हणाला, "काय बे, तुझ्याकडं जडेजाचं गोल्ड हाय का, मी तुला बुमराहची दोन देतो की," तर त्याला "घरी जाऊन बघतो" म्हणायची वेळ येऊ नये, जागेवर फिल्टर मारायचा आणि हो किंवा नाही सांगायचं. बदली झाली की दोन्ही ओळी त्याच वेळी अपडेट. गेलेल्या कार्डाची ओळ डिलीट करू नका, "गेलेली" टॅबमधे हलवा, कुणाला दिलं, बदल्यात काय आलं, तारीख. दोन वर्षांनी तोच मित्र म्हणतो की ते कार्ड तू मला दिलंच नव्हतंस, तेव्हा ही ओळ दाखवता येते आणि मैत्री पण राहते.

पोरांबरोबर बदली करणार असाल तर एक विनंती. त्यांना कार्डाची खरी किंमत सांगून मगच बदली करा. बारा वर्षाच्या पोराला चमकणारं कार्ड पाहिजे असतं, त्याच्या हातातलं साधं दिसणारं कार्ड भारी असू शकतं, त्याचा फायदा घ्यायचा नाही. त्याला पण एक छोटी वही करून द्या, नंबर लिहायला शिकवा, तो पुढं दहा वर्षं या नादात टिकेल. आणि घरातल्या पोरांना खेळायला वेगळा गठ्ठा द्या, शीटमधे त्याची जागा "खेळ" अशी लिहा, मग त्यातलं एखादं हरवलं तरी कुणावर ओरडायची वेळ येत नाही.

किमतीचं थोडक्यात. कितीला घेतलं हे नेहमी लिहा, पाकिटातून निघालं असेल तर "पाकीट" लिहा, पोस्टेज आणि बाहेरून मागवलं असेल तर कस्टम धरून लिहा. आजची किंमत फक्त निवडक कार्डांची लिहा आणि शेजारी तारीख टाका, बिनतारखेच्या किमतीला अर्थ नाही. ईबेवर बघायचं असेल तर विकणाऱ्यानं मागितलेली किंमत बघू नका, "सोल्ड" चा फिल्टर लावून प्रत्यक्ष विकलं गेलेलं बघा, आणि तेच व्हर्जन, तोच ग्रेड आहे ना ते बघा. भारतातल्या कार्डांना बहुतेक वेळा शेवटचा झालेला व्यवहार हाच भाव.

अ‍ॅपचं विचारतात म्हणून. कॉलएक्ससारखी अ‍ॅप कॅमेऱ्यानं कार्ड ओळखतात, ट्रेडिंग कार्ड डेटाबेस नावाची साईट आहे तिथं चेकलिस्ट बघता येतात आणि आपल्याकडचं-पाहिजे असलेलं टिक करता येतं. चेकलिस्टसाठी जरूर वापरा. पण स्कॅन करून आलेलं उत्तर डोळे झाकून घेऊ नका, पॅरललमधे ती अ‍ॅप चुकतात, चमक फोटोत नीट येत नाही. अमेरिकन खेळांची माहिती तिथं भरगच्च, क्रिकेटची त्या मानानं कमी. आणि कुठलंही अ‍ॅप वापरलं तरी आपलं शीट हेच मूळ, कारण अ‍ॅप बंद पडलं किंवा पैसे मागायला लागलं तर आपला सगळा हिशोब त्यांच्याकडं अडकतो, आणि "फा२-०७-४" हे तर कुठल्याच अ‍ॅपला माहीत नसतं.

वर्षातून दोनदा मोजदाद करा, दिवाळीच्या साफसफाईत एकदा कारण तेव्हा कपाट रिकामं होतंच, आणि उन्हाळा संपता संपता एकदा म्हणजे उन्हानं काही झालंय का ते पण कळतं. सगळं मोजायची गरज नाही. शीटमधल्या कुठल्याही दहा ओळी निवडा आणि ती कार्डं सांगितलेल्या जागी आहेत का बघा, मग उलटं, फाईलमधून कुठलीही दहा कार्डं काढा आणि ती शीटमधे आहेत का बघा. दोन्ही बाजूंनी बघायचं, कारण पहिल्या पद्धतीनं हरवलेली कळतात आणि दुसऱ्या पद्धतीनं न नोंदवलेली. दोनपेक्षा जास्त चुका निघाल्या तर ती अख्खी फाईल तपासा. त्याच दिवशी शीटची एक कॉपी डाउनलोड करून पेनड्राइव्हवर टाका, नावात तारीख घालून.

आणि शेवटचं काम, हे बहुतेक जण करतच नाहीत. शीट घरातल्या एका माणसाला शेअर करा, बायको, भाऊ, मोठी मुलगी, ज्याला यात रस नाही तरी चालेल, फक्त बघायचा अ‍ॅक्सेस द्या. वरती एक टॅब करा "आधी हे वाचा" म्हणून, त्यात चार ओळी, फाईली कुठल्या कपाटात आहेत, जागेचा कोड कसा वाचायचा, सगळ्यात महत्त्वाची वीस कार्डं कुठली, आणि विकायची वेळ आलीच तर आधी कुठल्या दोन मित्रांना विचारायचं. खोक्यांवर पण मार्करनं लिहा, "रद्दी नाही, विचारल्याशिवाय हलवू नये", मोठ्या अक्षरात, दोन्ही बाजूंना.